सुनेचं शिक्षण चालू हाय

गावाचं नाव सांगत नाही. इंदापूर तालुक्यात, वरकुट्याच्या पलीकडे आहे. कुणाला आपलंच वाटलं तर खुशाल वाटू द्यावं.

सकाळी आबासाहेबांच्या पडवीत ढोबळी मिरचीचा ढीग पडला होता. बाजाराची गाडी यायच्या आत माल निवडून क्रेटमध्ये भरायचा, म्हणून ठमाबाई आणि त्यांची सून प्रगती ढिगाशी बसल्या होत्या. तेवढ्यात बारामतीच्या एका संस्थेची आसावरी टॅब घेऊन आली. गावात कोण किती शिकलं, कोण अजून शिकतंय, कुणाचं सुटलं, ही माहिती घरोघर विचारून दरवर्षी ताजी करायची, हे तिचं काम. रिवाजाप्रमाणे तिची खुर्ची आबासाहेबांसमोर मांडली गेली आणि प्रश्नही त्यांनाच गेले.

“सुनेचं शिक्षण?”

“चालू हाय की. इंदापूरला, कालिजात.”

“आबा, गेल्या वर्षीही हेच सांगितलंत. त्याच्या आधीही. प्रगती, कॉलेजला जातेस का?”

“जाती की, मधनंमधनं,” ठमाबाईंनी परस्पर सांगून टाकलं. प्रगती मिरच्या निवडत राहिली.

लग्नाच्या बैठकीत तिच्या वडिलांनी शिक्षणाचा विषय काढला, तेव्हा आबासाहेब चारचौघांत म्हणाले होते, “पोरीसारखी शिकवू.” मुलीला अठरा पुरी होईपर्यंत ते थांबलेही, कायद्याची कटकट नको. पहिले काही महिने ती कॉलेजला गेली. मग मिरचीचा तोडा आला, मग सासूचा गुडघा, मग बाळंतपण. कॉलेज मागे पडलं ते पडलंच. पण सुटलं म्हणायची सोय नाही. सुटलं म्हटलं की शब्द मोडला, सोयऱ्यांत नाक कापलं गेलं. म्हणून ‘चालू’. सुनेला शिकवण्यापेक्षा ती शिकते आहे असं म्हणणं किती सोपं! आणि ही हुशारी एकट्या आबासाहेबांची नव्हे. बैठकीत शब्द दिलेल्या प्रत्येक घरात हेच उत्तर तयार होतं, आणि ते दरवर्षी इमानेइतबारे टॅबमध्ये जात होतं.

आसावरी वैतागली. “आबा, गावातच पदवीचा अभ्यास करता येईल असं केंद्र द्यायचंय. शिक्षण सुटलेल्या निदान वीस बायका असतील त्या गावाला मिळणार. तुमच्या गावाचा आकडा शून्य आहे. एकीचंही सुटलेलं नाही म्हणता, मग ही मिरची भरतं कोण?”

“गावाचं चांगलं झालेलं बगवत न्हाय व्हय तुमाला?” आबासाहेब हसले आणि चहा सांगितला.

दुपारी प्रगतीने नवऱ्याला, दिग्विजयला, शेतात गाठलं. “आबांना खरं सांगायला लावा. केंद्र हितंच आलं तर यष्टीत येळ जातो ह्ये कारण उरणार न्हाय. मला ग्रॅज्युएट व्हायचंय.”

“पुढच्या वर्षी बगू,” तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. पण त्याचं पुढचं वर्ष काही केल्या उजाडत नव्हतं.

त्याच आठवड्यात ग्रामसभा भरली. बायका नेहमीसारख्या मागे सतरंजीवर. सरपंच दादासाहेबांनी मोठ्या अभिमानाने जाहीर केलं, “शिक्षण सुटलेली एकबी महिला आपल्या गावात न्हाय.” टाळ्या पडल्या. ज्यांची शाळा नववीत सुटली होती, त्यांनीही वाजवल्या. ते बघून प्रगतीला इतका संताप आला की ती उठून उभी राहिली.

“दादासाहेब, माझं नाव चुकलंय. माझं शिक्षण सुटलंय.”

“खाली बस,” आबासाहेब म्हणाले. “घरचं घरात बोलू.”

“घरात लई बोलले, आबा. कुणी लिहून घेतलं न्हाय.”

“एका नावानं काय बिघडतंय, पोरी?” दादासाहेबांनी समजूत घातली.

“बिघडत नसंल तर दुरुस्त करा.”

सभेला आलेल्या आसावरीने टॅबमध्ये तिथल्या तिथे दुरुस्त केलं आणि सतरंजीकडे वळून विचारलं, “आणखी कुणाचं सुटलंय?” एकही हात वर झाला नाही. बायकांनी पदर सारखे केले, नजरा खाली घातल्या. शून्याचा एक झाला, बस्स. आणि केंद्राला हव्या होत्या वीस.

घरी ठमाबाईंनी भांडी आपटली. “सोयऱ्यांत तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाईस.” आबासाहेबांनी बोलणंच टाकलं. प्रगतीला रडू आलं. पण रडण्यापेक्षा चीड जास्त होती, आणि ती चीड तिला स्वस्थ बसू देईना. दुसऱ्या दिवशी क्रेट भरून झाल्यावर तिने लेकीला कडेवर घेतलं आणि आसावरीबरोबर शेजारचं घर गाठलं.

म्हस्कू तात्या ओट्यावरच होते. “आमच्या सुनंचं चालू हाय,” विचारायच्या आत त्यांनी सांगितलं.

“तात्या, मला कौसल्यावयनींना विचारायचंय.”

कौसल्या भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. तिने सासऱ्याकडे पाहिलं. मग खाली पाहून म्हणाली, “चालू हाय.”

आसावरीने निराशेने टॅब मिटला. सासऱ्याने खोटं सांगणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण जिचं नुकसान झालं तिनेच ते खोटं राखावं, याला काय म्हणावं? ती निघालीही.

प्रगती निघाली नाही. तिने लेकीला खाली सोडलं आणि ओट्यावर ऐसपैस बसली.

“भाकरी उरकून घ्या, वयनी,” ती म्हणाली. “मी हितंच हाय. सावकाश सांगा.”