एकशे बारावे पान

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो, आणि मी भित्री आहे. माझ्यात लाखो वर्षांपूर्वीची माणसे राहतात. विस्तव नुकताच त्यांच्या हाती आला आहे आणि ती त्याला देवासारखे जपतात. दोनशे पाने मी विस्तवाचे कौतुक सांगते, पण कुणी काडीपेटी हातात घेतली तरी माझा थरकाप होतो. कागदाच्या जिवाला दुसरे काय सुचणार?

अंबाडीच्या वाचनालयात मी पंधरा वर्षे मानाने काढली. मुखपृष्ठावरचा वाघ पाहून मुले मला एकमेकांच्या हातातून हिसकावून घेत. पुढे वाचनालय बंद पडले आणि मी रद्दीत गेले. तिथून भिवंडीच्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात आले. तिथे मला डगमगत्या बाकड्याच्या पायाखाली सारले होते. वर बसून माणसे विड्या ओढत, आणि थोटूक खाली पडले की मी मनातल्या मनात पाने मिटून घेई.

धनेशने मला तिथून काढले. तो लूम चालवायचा. वीस वर्षांच्या खडखडाटात त्याचे कान पार गेले होते. तरी एखादा लूम बिघडू लागला की सगळ्यांच्या आधी त्यालाच कळे. चप्पल काढून तो जमिनीवर तळपाय टेकवी आणि नेमका तोच लूम दाखवी. शेलार गावातल्या आपल्या घरी नेऊन त्याने मला आठ वर्षांच्या लेकीला, सुकन्याला दिले. ती त्याच्यासमोर बसून मला मोठ्याने वाचे आणि तो तिच्या ओठांकडे पाहत ऐके. वाघ आला की दोघेही हातांचे पंजे करत. मी इतकी सुखी वाचनालयातही नव्हते.

तिचे आवडते पान एकशे बारावे. त्यात वणवा पेटतो आणि टोळीतली एक मुलगी गुहेच्या अगदी आतल्या टोकाशी जाऊन लपते आणि तिचा जीव वाचतो.

"बाबा, ती लय हुशार हाय," सुकन्या म्हणे. धनेश मान डोलावी. मलाही तेव्हा माझा अभिमान वाटे.

एका दुपारी शेजारच्या गोदामाला आग लागली. सुकन्याची आई रंजिता ड्युटीवर होती. रात्रपाळी करून आलेला धनेश पुढच्या खोलीत गाढ झोपला होता. मागच्या खोलीच्या खिडकीतून काळा धूर आत आला तशी सुकन्याने मला छातीशी धरले. ती बाहेर पळाली नाही. न्हाणीत शिरली, दार लावले आणि कोपऱ्यात अंग चोरून बसली.

मित्रांनो, ती माझे ऐकून तिथे आली होती. पोरी, बाहेर पळ, असे मला ओरडून सांगायचे होते. पण पुस्तकाला छापले आहे तेवढेच बोलता येते. दाराच्या फटीतून धूर येऊ लागला. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःच्या पानांची नाही, दुसऱ्या कुणाच्या जिवाची भीती वाटली.

बाहेर शेजारच्या तुळजाकाकूंचा आवाज आला. त्यांनी धनेशला हलवून उठवले होते, दारापर्यंत ओढत नेले होते.

"पोर कुठं हाय तुझी? भायेर न्हाय आली ती," त्या ओरडत होत्या.

सुकन्याने हाक मारायला तोंड उघडले, पण तिला खोकल्याची उबळ आली. आणि हाक मारून उपयोग काय? बाबाला ऐकू येत नाही हे तिला माहीत होते. तिने मला दोन्ही हातांनी उचलले आणि लादीवर आपटले. पुन्हा आपटले. माझी बांधणी उसवली, पाने सुटली, तरी मी मनात म्हणत होते, आपट पोरी, अजून जोरात.

तिला शोधायला परत आत शिरलेला धनेश धुराने आंधळा होऊन मागच्या खोलीत अनवाणी उभा होता. त्याने तळपाय लादीवर घट्ट टेकवले आणि सरळ न्हाणीकडे आला. लाथ मारून दार उघडले. तिला खांद्यावर टाकले. तिने मला सोडले नाही.

आता मी दोऱ्याने शिवलेली आहे. लूमच्याच सुताने धनेशने मला शिवले. एकशे बाराव्या पानाच्या कडेला त्याने पेन्सिलीने, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले आहे: "बाय, धूर दिसला की भायेर पळ. बाबा."

मित्रांनो, आम्हा पुस्तकांना जपा, ओल आणि वाळवीपासून सांभाळा. पण आमच्या पानावर कुणा बापाने असे काही लिहिलेले दिसले, तर ते खोडू नका. आधी ते वाचा, मग आम्हाला वाचा.