स्वरूपाची चिमणी

आमच्या मुख्याध्यापकांना, निरंजन सरांना, शिकवता कधी आलंच नाही. अ‍ॅप मात्र आणता आलं. ताथवड्याला कसल्याशा प्रशिक्षणात दोन दिवस फुकटचं जेवून आले आणि येताना ही ब्याद चाकणला घेऊन आले. मुलांनी अभ्यास वहीत करायचा, पालकांनी त्याचा फोटो अ‍ॅपवर टाकायचा, की पडद्यावर त्या मुलाची चिमणी दाणे टिपते. तीन दिवस फोटो गेला नाही, तर चिमणी मरते. पाय वर करून, पुन्हा फोटो येईपर्यंत. तिसरीच्या पोरांना अभ्यासाची गोडी लावायची ही म्हणे नवी रीत. प्रार्थना झाली की वर्गातल्या टीव्हीवर चाळीस चिमण्या दाखवायच्या, हे काम माझ्याकडे. सत्तावीस वर्षं खडू घासला, त्याचं हे फळ.

एकोणचाळीस चिमण्या टुणटुणीत. मेलेली एकच, स्वरूपाची. पोरगी वर्गात सगळ्यात हुशार, वही रोज पूर्ण. पण तिच्या वडिलांच्या फोनच्या कॅमेऱ्यावर कंपनीचं स्टिकर. आत कुणी फोटो काढू नये म्हणून गेटवर वॉचमन ते चिकटवतो, वर सही करतो, आणि महिनाभर ते फाटता कामा नये. बाकीच्या घरांत आईचा दुसरा फोन तरी होता. स्वरूपाच्या आईकडे बटणांचा डबा, बिनकॅमेऱ्याचा.

मी सरांना म्हणाले, "वही मी तपासलीय. माझ्या फोनवरून फोटो टाकते."

"पालकांच्याच नंबरवरून जातो, बाई. वरचे लोक पालकांचा सहभाग मोजतात. तुमच्या एका मुलीपायी शाळेचं शंभर टक्के अडलंय."

उंटावरून शेळ्या हाकायची हौस. वहीत पोरीनं काय लिहिलंय ते यांना नको, सहभाग हवा. डोंबल.

रोज सकाळी टीव्ही लागला की पोरं ओरडायची, "स्वरूपाची मेली." ती मान खाली घालायची. आठवड्याभरात तिनं वर्गात हात वर करणं सोडलं.

मग एक दिवस शिफ्ट सुटल्यावर तिचे वडील आले, धनेश. लातूरकडचा माणूस, कंपनीच्या कपड्यांतच.

"बाई, लेकरू जेवंना झालंय. चिमणी उपाशी हाय, मी कशी जेवू, म्हणतंय."

"अन् स्टिकर?"

"मी कंत्राटावर हाय, बाई. ते फाटलं तर सरळ घरी बसवतेत."

आता माझी अक्कल बघा. सरांना इतकी नावं ठेवणारी मी, आणि मीच म्हणाले, "अहो, एकदा हळूच काढा आणि परत चिकटवा. कोण बघतंय?" पोरीची दया आली होती, हे खरं. चाळीसच्या चाळीस चिमण्या जिवंत दिसाव्यात आणि सरांचं तोंड बंद व्हावं, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवशी स्वरूपाची चिमणी उठून दाणे टिपत होती. पोरांनी टाळ्या पिटल्या. सरांनी टीव्हीपुढं उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. त्यानंतर धनेशकडून रोज फोटो येऊ लागला, तोही सगळ्यांच्या आधी. मला वाटलं, जमलं बाबा गड्याला.

महिनाअखेरीस सरांनी एक प्रमाणपत्र छापून आणलं. 'आदर्श पालक', खाली धनेशचं नाव. वर्गशिक्षिका म्हणून मी झोकात सही ठोकली आणि मधल्या सुट्टीत स्वरूपाला जवळ बोलावलं.

"हे पप्पांना दे. आणि काय गं, त्या स्टिकरचं काय केलं त्यांनी?"

"ते वॉचमनकाकांना कळलं. साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नको." प्रमाणपत्राला सुरकुती पडू नये म्हणून ती ते जपून वहीत ठेवत होती. पुष्कळ दिवसांनी पोरगी हसत होती.

"आता पप्पा घरीच असतात, बाई. चिमणी रोज जेवते."