पहारेकऱ्यांची गर्दी

दवाखान्याचा सर्व्हर सांभाळणाऱ्या वहिनीला बूड टेकवून बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. एक डोळा पडद्यावर, एक फोनवर, आणि टेबलाखाली पाय सारखा हलता. बसल्या जागी पाय हलवू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी कधी सर्व्हर सांभाळलाय?

मागे एकदा तो भरदुपारी बंद पडला, तेव्हापासून तिने त्याच्यावर पहारे बसवले होते. मेमरी किती खाल्ली, डिस्क किती भरली, कोण कुठे अडकलं, प्रत्येक गोष्टीला एक छोटा प्रोग्राम, घडीघडीला विचारणारा. तरी सर्व्हर रेंगाळायचाच. तो रेंगाळला की ही आणखी एक पहारा बसवायची.

साहेबांनी आज तोंडावर सांगितलं होतं, "आता पुन्हा अडकला तर बाहेरची कंपनी बघेल. तुम्ही आराम करा."

आराम! तिला तो शब्द शिवीसारखा लागला.

आणि नेमका आजच अडकला. रिपोर्ट उघडेनात. लॅबची डॉक्टरीण म्हणजे तिची सख्खी नणंद. ती दारात हजर.

"वहिनी, झालं का?"

"बघतेय."

"पेशंट ऑपरेशनला घ्यायचाय, रक्ताचा रिपोर्ट दिसत नाही."

"बघतेय म्हटलं ना!"

पडद्यावर कुठला प्रोग्राम किती मेमरी खातोय ते दिसत होतं. सगळे पोटापुरतं खाणारे, आणि सर्व्हर मात्र धापा टाकतोय. तिने मेमरीची वाटणी बदलली, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. ढिम्म.

"झालं का?"

"नाही."

"आता?"

"अगं बाई, घडीघडीला विचारतेस! तुला उत्तर देऊ की काम करू?"

बोलली आणि तोंड उघडंच राहिलं.

पडदा स्वच्छ दिसावा म्हणून तिने स्वतःचे पहारे त्यावरून लपवले होते. आपलीच माणसं, त्यांच्यावर कसला संशय? तिने आडपडदा काढला. बघते तर सगळ्यात वर तिचेच पहारेकरी ताव मारत बसलेले. पहिल्याला उत्तर मिळायच्या आत दुसरा विचारतोय, त्याच्यामागे तिसरा. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

नणंद खांद्यावरून डोकावली. "वहिनी, तुझ्यापेक्षा आमची आई बरी गं. ती निदान श्वास घेऊ देते."

पहारे काढायच्या आधी वहिनीने त्यांची यादी दोनदा वाचली. उद्या काही बिघडलं तर ओरडणार कोण? पण काढले. अगदी लागतील तेवढे दोन-चार ठेवले, आणि त्यांनाही दमानं विचारायला लावलं. रिपोर्ट फटाफट उघडले. नणंद पळाली.

साहेब आले. "काय झालं होतं?"

व्हायरस म्हटलं असतं तरी खपलं असतं. वहिनी म्हणाली, "मीच. पहारे फार झाले."

"मग कंपनीला बोलवतो."

"खुशाल बोलवा. तेही आल्या आल्या पहारेच बसवतील. कुठले काढायचे, ते मला कळलंय."

साहेबांनी मिशी कुरवाळली. "संध्याकाळपर्यंत बघू," म्हणाले आणि गेले.

सर्व्हर पाण्यासारखा चालला होता. वहिनीला करायला काही उरलं नव्हतं, हेच छळत होतं. हात आपोआप कीबोर्डकडे गेला: एकच पहारा, अगदी छोटा...

तिने हात मांडीखाली दाबून धरला. मग पाय हलायला लागला.