शून्य नंबरचा तंबू

सुधाकर देवळे ओव्हरसियर होता आणि ते त्याच्या अंगात पार मुरलं होतं. रस्ता मोजायला निघाला की पहिल्या खुंटीवर शून्य लिहायचा, एक साखळी पुढे गेल्यावर एक, मग दोन. शेवटच्या खुंटीचा आकडा वाचला की रस्ता किती साखळ्यांचा ते कळलं, काम फत्ते. त्याची बायको जयू म्हणायची, "एक दिवस तुम्ही जेवणाच्या पानांनासुद्धा खुंट्या ठोकाल!"

संस्थान जाऊन मध्यभारत झाला त्या हिवाळ्यात देवास गेटबाहेरच्या मैदानावर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची छावणी पडली. तंबूंवर नंबर टाकायचं काम आपसूकच सुधाकरकडे आलं. डांबराचा डबा घेऊन तो नाल्याकडच्या टोकाला गेला आणि सवयीने पहिल्या तंबूवर भलंमोठं शून्य काढलं. तिथे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची विधवा सून राहत होती. सुरुवात आपल्यापासून झाली म्हणून म्हातारा एवढा खूश झाला की त्याने हात जोडले.

मग थंडी कडाडली. छावणीचं बघणारे भय्यासाहेब सायकलवरून उतरले आणि सुधाकरला म्हणाले, "देवळे, तंबू टोटल किती हो? इंदूरवाले कंबल भेजतायत. एका तंबूला दोन."

सुधाकरने लांबूनच रस्त्याकडच्या शेवटच्या तंबूवरचा आकडा वाचला. "बत्तीस."

"पक्कं ना?"

"माझ्या हातचे नंबर आहेत, भय्यासाहेब."

रस्ता मोजायचा असता तर उत्तर अगदी बरोबर होतं. पण तंबू म्हणजे काही अंतर नव्हे, त्यांत माणसं झोपतात. शेवटचा आकडा वाचताना पहिला कुठून धरला होता तेवढं आठवायचं होतं. इतकी साधी गोष्ट, आणि गड्याला अभिमान आडवा आला.

कांबळी आली. स्वयंसेवक पोरांनी रस्त्याच्या बाजूने वाटायला सुरुवात केली आणि एक नंबरच्या तंबूपाशी गाडी रिकामी झाली. शून्य नंबरवाल्यांना "कल आएगा" सांगून पोरं निघून गेली. इंदूरकरांनीच कमी भेजली असतील, असं सगळे धरून चालले. सुधाकर तेव्हा भैरवगढच्या रस्त्यावर मोजणीला गेला होता. दुसऱ्या दिवशी परतल्यावर कुणीतरी सहज बोललं, नाल्याकडचा एक तंबू राहिला म्हणे. त्याने मनात शून्यापासून तंबू मोजले: तेहतीस. घरी येऊन त्याने आपली पांघरायची रजई उचलली. जयूने आपलीही त्यावर ठेवली.

भर दुपारी तो छावणीत पोहोचला. तंबूबाहेर बायका बसल्या होत्या. म्हातारा पहाटेच गेला होता आणि पुरुषमंडळी त्याला क्षिप्रेवर घेऊन गेली होती.

"गलती मेरी है," सुधाकर म्हणाला. "गिनती में मैं ही चूका." हे बोलल्यावर तरी कुणी आपल्याला शिव्या घालील, असं त्याला वाटत होतं. त्याची त्याला फार गरज होती.

सुनेने मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"पड़ोसवाले बुला रहे थे, बाबूजी, कि रात हमारे तंबू में सो जाओ. ससुरजी नहीं माने. बोले, 'बाबूजी ने सबसे पहले हमारा नंबर डाला है, हमें कैसे भूलेंगे. कंबल लेके आते ही होंगे.'"