दोन्ही खांद्यांचं माप

कापड दुमडा.

शिवणवर्गाचा पहिला धडा हाच. कापड दुमडायचं, अर्ध्या अंगाचं माप टाकायचं, कात्री चालवायची. उलगडलं की दुसरी बाजू आपोआप तयार. माणूस दोन्हीकडून सारखाच असतो, असं धरून चालायचं. बाई वर्षानुवर्षं हेच शिकवत आल्या होत्या. आणि काल वर्गात कोटाचं माप द्यायला ताई आली.

ताई म्हणजे बाईंची सख्खी थोरली बहीण. पाठीला बाक, डावा खांदा बराच वर. मुलींना नातं माहीत नव्हतं. माप कुणी घ्यायचं यावरून त्यांची ढकलाढकली सुरू झाली, टेप या हातातून त्या हातात फिरला. सगळ्यांत चुरचुरीत बोलणारी चिमणी म्हणाली, ही तिरपी माझ्या गळ्यात नका मारू. हळूच म्हणाली, पण दाराशी थांबलेल्या ताईपर्यंत ऐकू गेलं. ताईनं पर्स उचलली आणि गेली.

सोमवारपासून तिला बँकेच्या काउंटरवर बसायचं होतं. आजवर मागच्या खोलीत, कपाटांच्या आड. अंगावर बसणारा कोट झाला तर पुढं बसेन, नाहीतर मागची खोली काय वाईट आहे, असं ती घरी म्हणाली. बाई अर्ध्या ताटावरून उठल्या.

माप घ्या.

आज बाईंना बसवत नव्हतं. खडू मोडला. दुसरा घेतला, तोही मोडला. मुलींना त्यांनी एकमेकींची दोन्ही बाजूंची मापं घ्यायला लावली. कुणाचा खांदा उतरता निघाला, कुणाचा एक हात लांब. चिमणीची तर कंबरच एका अंगाला कललेली. हशा पिकला. बाई म्हणाल्या, बघा, आपण सगळ्याच वाकड्या. आणि काल आली होती ती माझी ताई...

हसणं तिथंच थांबलं. दारात ताई उभी होती. बाईंनीच विनवण्या करून तिला पुन्हा बोलावलं होतं.

“सगळ्याच वाकड्या?” तिनं चिमणीकडे बोट केलं. “हिची कंबर बघून बसमध्ये शेजारचं कुणी उठून गेलंय कधी?”

धडा हातातून निसटत होता. बाईंनी घाईघाईनं टेप चिमणीच्या हातात कोंबला.

चिमणीनं टेप अंगापासून लांब, हवेतच धरला.

“हात टेकव गं. चावत नाही मी.”

टेकवला. कालचं मनावर घेऊ नका, असं काहीतरी ती पुटपुटली. ताईनं ऐकून घेतलं. असू दे वगैरे म्हणाली नाही. दोन्हीकडचं नीट लिही, एवढंच म्हणाली.

कापा.

चिमणीनं कापड पसरलं आणि सवयीनं दुमडलं. मग जीभ चावली. उलगडलं. डावी बाजू वेगळी आखली, उजवी वेगळी. चुकलं. पुसलं. पुन्हा.

घालून बघा.

कच्च्या टाक्यांचा, बिनबाह्यांचा कोट ताईच्या अंगावर चढला. पाठ बसली. डावा खांदा बसला. तेवढ्यात बाईंनी कोटाच्या उजव्या खांद्याखाली स्पंजची जाड गादी सरकवली, भराभर टाके घातले. दोन्ही खांदे एका रेषेत आले. मुली वा म्हणाल्या. बाईंचा जीव भांड्यात पडला.

ताईनं खांदा चाचपला. “हे कशाला?”

“सरळ दिसतेस.”

“कालची ही पोरगी परवडली. तिला मी नकोच होते. तुला मी हवी आहे, पण अशी नको.” मग शांतपणे म्हणाली, “काढ.”

बाईंनी टाके उसवले. सुई बोटात गेली. गादी निघाली तसा उजवा खांदा खाली आला. ताईनं आरशात पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि तशीच जिना उतरली. कोट अजून कच्चा आहे, असं चिमणी मागून सांगत राहिली.

बाई मनगटावरच्या टाचण्यांच्या उशीसकट मागे धावल्या. रस्त्यावर माणसं वळून बघत होती. पांढरे धागे लोंबत होते. सोमवारी याहून जास्त जण बघतील, ताई न थांबता म्हणाली. बाईंनी तिला गाठलं. तिच्या कुठल्या बाजूनं चालावं, हे त्यांना ठरवता येईना.