ब्रेकवरचा पाय

मूल गावच्या बाजारात, किराणा दुकानासमोर, मुखरूभाऊंची गाडी भर उन्हात अडून बसली होती. इंजिन चालू होतं, पण गिअरचा दांडा पार्किंगच्या ‘पी’वरून हलायला तयार नव्हता. त्यांची सून पुनम घामाघूम होऊन बाजूला उभी होती. तिचा फोन आला तसा गाड्यांचं वायरिंग करणारा गफ्फार हातातलं काम टाकून आला होता.

“ब्रेक पुरा दाबला होता ना ताई?”

“उभीच राह्यली मी त्याच्यावर,” पुनम म्हणाली.

गफ्फार स्वतः बसला. सगळा जोर लावून ब्रेक दाबला, दांडा ओढला. हलला नाही.

दिवाळीच्या सुमारास हीच तक्रार सांगून मुखरूभाऊंनी त्याला घरी बोलावलं होतं. एस.टी.च्या ड्रायव्हरकीत त्यांचा जन्म गेला होता. सिरोंच्यापर्यंतचा जंगलातला रस्ता त्यांना तोंडपाठ होता. रिटायर झाल्यावर लकवा आला, डावी बाजू लुळी पडली. क्लच दाबायला पाय उरला नाही, म्हणून मुलानं, आदेशनं, ही बिनक्लचची गाडी आणली. उजवा पाय धड होता, त्याच्यावर म्हातारा पुन्हा गावभर हिंडायला लागला होता.

त्या दिवशी मात्र गफ्फार बसला आणि दांडा पहिल्याच झटक्यात निघाला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा निघाला. गफ्फार हसला होता. “गाडी चांगली आहे भाऊ. तुमचाच पाय पुरा दाबत नसन.”

“दाबला होता गा,” मुखरूभाऊ एवढंच म्हणाले. आदेश शेजारीच उभा होता. त्या दिवसापासून किल्ली सुनेकडे गेली.

आता गफ्फारनं पुनमला गाडीच्या मागे उभं केलं आणि ब्रेक दाबला. मागचे दिवे लागतात का विचारलं. लागत नव्हते. ब्रेक दाबल्याचा इशारा मिळाल्याशिवाय या गाडीचा दांडा सुटत नाही, आणि तो इशारा दिव्यांच्याच स्विचमधून जातो. गफ्फार स्टिअरिंगखाली वाकला. करंट दाखवणारा टेस्ट लॅम्प लावून पाहिला. स्विचपर्यंत करंट येत होता, पुढे जात नव्हता. कपलर, म्हणजे वायरचा जोड, काढला तर एक पिन हिरवी पडून सैल झाली होती. कपलर परत लावून, ब्रेक दाबून वायर हलवली की दिवे लागत, सोडली की विझत. दिवाळीला नुसती हलवून पाहिली असती तरी कळलं असतं. त्यानं हात घातलाच नव्हता. म्हाताऱ्याचा पाय समोर होता, तो सोपा सापडला.

त्यानं नवी पिन बसवली. दांडा लोण्यातून फिरावा तसा फिरला.

दोष सासऱ्यांच्या पायाचा नव्हता, हे पुनमच्या लक्षात आलं होतं. बाबांचा आता धड पायावरही भरोसा राहिला नाही, ती सांगू लागली. पायरी उतरताना भिंत धरतात, फाटकाबाहेर पडतच नाहीत. मग आवाज खाली आणून म्हणाली, “घरी सांगू नका भाऊ. पुन्हा किल्ली मागतीन. यायले नाई चालणार.” ती नवऱ्याबद्दल, आदेशबद्दल, बोलत होती.

गफ्फारनं मान डोलावली. आपल्या दुकानात येऊन एक स्टार्टर उघडून बसला, पण हात चालेना. तिच्या बोलण्यानं आपलीच चूक झाकायची सोय झाली, हे त्याला कळत होतं. ऊन उतरल्यावर तो उठला आणि सरळ मुखरूभाऊंच्या ओसरीवर गेला.

“भाऊ, तुमचा पाय बरोबर होता. पिन खराब होती. मीच नीट पाह्यलं नाई.”

मुखरूभाऊंनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. “म्हणजे दाबला होता मी.”

“हो भाऊ.”

दारात उभी असलेली पुनम आत गेली आणि किल्ली घेऊन आली. सासऱ्याच्या हातात देताना तिनं वर पाहिलं नाही.

मुखरूभाऊ गाडीत बसले. इंजिन सुरू केलं, ब्रेक दाबला, दांडा पुढे जायच्या ‘डी’वर आणला. गफ्फार वाटेतून बाजूला झाला. गाडी मात्र जागची हलली नाही. ब्रेकवरचा पाय उचलला जात नव्हता. शेवटी त्यांनी दांडा ‘पी’वर नेला आणि गाडी बंद केली.

“पाय म्हणते दाबला, मन म्हणते नाई दाबला,” ते म्हणाले. “अशानं कोणाले तरी मारीन मी. तू चालव.”

गफ्फारनं ड्रायव्हरकडचं दार उघडून धरलं. मुखरूभाऊ बॉनेटला हात लावत वळसा घालून आले, बाजूच्या सीटवर बसले आणि तळ्यापर्यंत जाऊन येऊ म्हणाले.

राइस मिलच्या वळणावर शेळ्या आडव्या आल्या. गफ्फारनं ब्रेक लावला. पण त्याच्याही आधी मुखरूभाऊंचा उजवा पाय समोरच्या मॅटवर घट्ट दाबला गेला होता, आणि शेवटची शेळी पलीकडे जाईपर्यंत तो तसाच दाबलेला राहिला.