धूसर पडद्याची कबुली

मित्रांनो, मी संगणकाचा एक जुना पडदा आहे. नाटकाचा पडदा पडला की लोक टाळ्या तरी वाजवतात. माझ्या वाट्याला फक्त धूळ आली.

माझ्या अंगात आडवे एकोणीसशे वीस आणि उभे एक हजार ऐंशी ठिपके आहेत. प्रत्येक ठिपक्याला त्याचे नेमके काम मिळाले, की अक्षर कोरल्यासारखे उमटते. याचा मला फार तोरा होता. गर्वाचे घर खाली म्हणतात, ते खोटे नाही.

मला छापखान्यात आणले ते मुद्रितशोधक काकांसाठी. औषधांच्या खोक्यांत बारीक अक्षरांचे माहितीपत्रक घडी घालून ठेवतात ना, ते छापण्यापूर्वी काका माझ्यावर तपासत. त्यांच्या नजरेतून टिंबही सुटत नसे. मालक सांगत, "काकांनी पाहिलंय ना? मग डोळे झाकून छापा."

पुढे संगणक कुथू लागला. दुरुस्तीवाल्याने येऊन त्यात लिनक्स नावाची नवी संगणकप्रणाली बसवली. संगणक तरतरीत झाला, पण या नव्या पाहुण्याने मला ओळखलेच नाही. जुन्या खराब तारेतून माझी माहिती त्याच्यापर्यंत पोचेना. मग त्याने अंदाजाने माझे माप धरले, एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट. अपुरे चित्र माझ्या अंगभर ओढूनताणून पसरले. अक्षरे मोठी झाली, पण त्यांच्या कडा धुरकट झाल्या.

दुरुस्तीवाल्याला घाई होती. जाता जाता त्याने विचारले, "काका, दिसतंय ना नीट?"

काकांनी चष्मा पुसला. साठी उलटलेली, त्यात तरुण माणसासमोर कमीपणा कोण घेणार? "दिसतंय, दिसतंय," ते म्हणाले. तिथेच घात झाला.

त्या दिवसापासून काका दोष स्वतःच्या डोळ्यांना देऊ लागले. आमच्याकडे दुसऱ्याच्या टेबलाला हात लावायचा नाही असा दंडक होता, त्यामुळे माझ्यासमोर दुसरे कोणी बसलेच नाही. मालक दारातून बघून म्हणत, "अक्षरं मोठी झाली, बरं झालं." दिवसभर डोळे ताणल्यावर काकांना घरी वर्तमानपत्रही नकोसे होई. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, नंबर होता तोच आहे. काकांना वाटले, डॉक्टर उगीच धीर देत आहेत. मला फार वाईट वाटे. पण मला दाखवता येते, बोलता येत नाही, आणि मी दाखवत होतो तेच चुकीचे होते.

दहाव्या महिन्यात लहान मुलांच्या औषधाचे पत्रक आले. त्यात एक चमच्याऐवजी चुकून '९ चमचे' असे पडले होते. माझ्या धुरकट नऊला काकांनी एक समजून पुढे पाठवले. यंत्रावरच्या माणसाने ऐन वेळी पाहिले, म्हणून अनर्थ टळला. काकांना कोणी शब्दाने दुखवले नाही. तेच मालकांना म्हणाले, "उद्या एखादं लेकरू जाईल हो माझ्यापायी. मी थांबतो."

त्यांच्या जागी एक बाई आल्या. पहिल्याच सकाळी म्हणाल्या, "अगं बाई! याचं माप चुकीचं लागलंय की." त्यांनी तार बदलून घेतली, सेटिंग उघडून माझे खरे माप निवडले. चहा निवायच्या आत अक्षरे लख्ख झाली.

मालकांनी लगेच काकांना बोलावून घेतले. काका काकूंचा हात धरून, पायाने पायऱ्या चाचपत आले. माझ्यासमोर बसून त्यांनी सर्वांत बारीक ओळ वाचली.

"म्हणजे माझे डोळे..."

"चांगलेच होते, काका. उद्यापासून या," मालक म्हणाले.

"पुस्तकं देऊन टाकली हो मी सगळी," काका म्हणाले. "आणि आता स्वच्छ दिसलं तरी खरं वाटत नाही. हा एक आहे की नऊ, ते मी छातीठोक सांगू शकत नाही."

उठताना त्यांनी पुन्हा काकूंचा हात शोधला. त्यानंतर ते कधी आले नाहीत.

मित्रांनो, मला पुसले नाहीत तरी चालेल. पण शेजारी कोणी डोळे चोळताना दिसले, तर "दिसतंय ना?" असे उभ्याउभ्या विचारून निघून जाऊ नका. क्षणभर त्याच्या खुर्चीत बसा आणि स्वतः बघा.